योस्टवरचा ऑक्टोबर : मिशिगनचा २०१२-१३ चा हॉकी मोसम आणि चाहत्यांचा चुकलेला हिशेब

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आइस हॉकीचा मोसम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिटतो. या सहा महिन्यांत एक संघ साधारण पस्तीस ते चाळीस सामने खेळतो. ते बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ असतात. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांनंतर चाहत्यांच्या हाती पुरावा असतो तो पाच-सहा सामन्यांचा आणि अंदाज मात्र बांधायचा असतो सबंध मोसमाचा. हा अंदाज कशावर बांधला जातो, त्यातले कोणते भाग खरे ठरतात आणि कोणते फसतात, हे पाहण्यासाठी मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा २०१२-१३ चा मोसम मला सर्वांत बोलका वाटतो. त्या ऑक्टोबरमध्ये चाहत्यांनी नेमका योग्य प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर किती महाग पडू शकते, याचा हिशेब मात्र त्यांनी मांडला नाही.

आधी पार्श्वभूमी. अॅन आर्बर या गावातले मिशिगन विद्यापीठ हे महाविद्यालयीन हॉकीतले जुने, मातब्बर घराणे आहे. त्या काळी त्यांच्या नावावर नऊ राष्ट्रीय विजेतेपदे होती आणि तेवढी दुसऱ्या कोणाकडेही नव्हती. प्रशिक्षक रेड बेरेन्सन १९८४ पासून संघ सांभाळत होते. ते स्वतः मिशिगनकडून खेळलेले, पुढे व्यावसायिक हॉकीत गाजलेले आणि १९६८ मध्ये एका सामन्यात सहा गोल केलेले खेळाडू. त्यांच्या हाताखाली १९९६ आणि १९९८ ची विजेतेपदे आली. पण त्याहून मोठी कमाई होती ती सातत्याची : १९९१ पासून २०१२ पर्यंत सलग बावीस वर्षे हा संघ मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडला गेला होता, आणि हा विक्रम होता. अंगणवाडीत असताना ज्यांनी पहिला सामना पाहिला होता, ती मुले पदवीधर होऊन नोकरीला लागली, तरी त्यांनी मिशिगनविना मार्च महिना पाहिलेला नव्हता.

त्या बावीस वर्षांतली शेवटची तीन चाहत्यांच्या मनावर जास्त ठसलेली होती आणि या प्रकरणाची खरी मेख तिथेच आहे. २०१० मध्ये संघ आपल्या सीसीएचए या परिषदेत (म्हणजे मोसमभर आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) सातव्या मानांकनापर्यंत घसरला होता, मुख्य गोलरक्षक जायबंदी झाला होता आणि त्याच्या जागी शॉन हनविक नावाचा, शिष्यवृत्तीविना संघात आलेला, साडेपाच फुटांहून जेमतेम थोडा उंच असलेला मुलगा उभा करावा लागला होता. त्याच संघाने परिषदेचा चषक जिंकून राष्ट्रीय स्पर्धेतली जागा मिळवली. पुढच्या वर्षी त्याच हनविकच्या भरवशावर मिशिगन अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि सेंट पॉल येथे मिनेसोटा-डुलुथकडून जादा वेळेत ३-२ असे हरले. २०११-१२ च्या नोव्हेंबरमध्ये संघ आठवडेच्या आठवडे विजयावाचून राहिला, चाहत्यांनी कपाळाला हात लावले, आणि तरीही मार्चमध्ये तो पहिल्या मानांकनाच्या चार संघांत होता. थोडक्यात, शरद ऋतूत रडायचे आणि वसंतात हसायचे, ही त्या गावाची जणू रीतच पडून गेली होती. अशा अनुभवातून आलेला आशावाद आंधळा म्हणता येणार नाही. त्याला पुरावा होता. पण त्या पुराव्यात एक गोष्ट दरवेळी सारखीच होती, ती म्हणजे गोलमध्ये उभा असलेला हनविक.

२०१२ च्या उन्हाळ्यात हनविक पदवी घेऊन गेला. त्याच्याबरोबर कर्णधार ल्यूक ग्लेंडेनिंग आणि बचावपटू ग्रेग पॅटरिन हेही गेले, आघाडीचा ख्रिस ब्राउन एक वर्ष आधीच व्यावसायिक करार करून निघाला. कोणत्याही महाविद्यालयीन संघात दर वर्षी असे लोक जातातच, त्यामुळे चाहत्याचे पहिले काम हेच असते की गेलेल्यांची जागा कोण भरणार हे पाहणे. आघाडीच्या आणि बचावाच्या फळीत उत्तर समाधानकारक दिसत होते. जेकब ट्रूबा हा अठरा वर्षांचा बचावपटू येत होता. त्याला त्याच जूनमध्ये विनिपेग जेट्स या व्यावसायिक संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडीत नवव्या क्रमांकावर निवडले होते. जॉन मेरिल हा दुसरा नावाजलेला बचावपटू परतत होता. पुढे ए. जे. ट्रेस आणि फिल डी ज्युसेप यांच्यासारखे गोल करणारे होते. कागदावर पाहिले तर मोसमापूर्वीच्या क्रमवारीत या संघाला देशातल्या अगदी वरच्या संघांत जागा मिळाली, यात नवल नव्हते.

गोलची गोष्ट वेगळी होती. खरे तर ही जागा वर्षभर आधीच भरून ठेवलेली होती : जॉन गिब्सन या अत्यंत गुणी गोलरक्षकाने मिशिगनला होकार दिला होता आणि हनविकनंतर गोल त्याच्याकडे जाणार, हे ठरल्यासारखे होते. २०११ च्या उन्हाळ्यात अनाहाइम डक्सने त्याला निवडले आणि त्याने अॅन आर्बरऐवजी कॅनडातल्या किचनर रेंजर्सची वाट धरली. त्या काळच्या नियमानुसार कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये खेळलेला मुलगा अमेरिकी महाविद्यालयाकडून पुन्हा खेळू शकत नसे. हा नियम बदलण्याचा निर्णय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. म्हणजे गेलेला मुलगा गेलाच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, मोसम दोन महिन्यांवर आलेला असताना, कॉनर कॅरिक हा बचावपटूही असाच ज्युनिअर लीगकडे वळला, तोही अॅन आर्बरपासून तासाभराच्या आतल्या प्लिमथ गावातल्या संघाकडे. महाविद्यालयीन हॉकीचा चाहता उन्हाळ्यात निर्धास्त का झोपू शकत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तेव्हा ऑक्टोबरमध्ये गोलसाठी तीन नावे उरली. जॅरेड रटलेज आणि स्टीव्ह रसीन हे दोघे पहिल्या वर्षाचे, आणि अॅडम जॅनेसिक हा जुना पण हनविकच्या सावलीत बसून राहिलेला. चाहत्यांचा युक्तिवाद साधारण असा होता की तिघांपैकी एक तरी वर येईल, तोवर बचावफळी इतकी भक्कम आहे की गोलरक्षकाने फक्त सोपे फटके अडवले तरी पुरे. या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द फार फसवा आहे, म्हणून इथे थोडे आकडे मांडतो.

एका सामन्यात प्रतिस्पर्धी सुमारे तीस फटके गोलवर मारतो असे धरू. शंभरातले त्र्याण्णव फटके अडवणारा गोलरक्षक हा महाविद्यालयीन पातळीवर उत्तम मानला जातो, आणि हनविक शेवटच्या वर्षी त्याच पातळीवर होता. तो तीस फटक्यांत सरासरी दोनाच्या किंचित वर गोल देतो. शंभरात एकोणनव्वद अडवणारा गोलरक्षक दिसायला त्याच्यापेक्षा थोडाच कमी वाटतो, पण तो त्याच तीस फटक्यांत तीनाहून जास्त गोल देतो. फरक दर सामन्याला सव्वा गोलाच्या आसपास जातो आणि चाळीस सामन्यांत तो पन्नास गोलांच्या जवळ पोहोचतो. ज्या खेळात निम्मेअधिक सामने एक-दोन गोलांनी निकाली निघतात, तिथे पन्नास गोलांची तूट एखादा अठरा वर्षांचा बचावपटू भरून काढील, मग तो कितीही मोठ्या क्रमांकावर निवडला गेलेला असो, ही अपेक्षाच अवाजवी होती. चाहत्यांनी गोलरक्षकाचा प्रश्न इतर चार प्रश्नांसारखा एक प्रश्न म्हणून यादीत लिहिला. तो यादीत मावणाराच नव्हता.

त्यात मोसम सुरू होण्यापूर्वीच मेरिल एका सराव सामन्यात पाठीच्या मणक्याला दुखापत होऊन बाहेर गेला आणि मोसमाचा पहिला टप्पा त्याच्याविना काढावा लागला. ‘बचावफळी भक्कम आहे’ या युक्तिवादाचा एक खांब असा आधीच काढून घेतला गेला होता. तरीही अंदाज फारसा बदलला नाही, कारण मेरिल परत येणारच होता, आणि मार्च तर फार दूर होता.

पहिली जोडलढत घरच्या योस्ट आइस अरीनात होती. ही इमारत १९२३ ची, विटांची. मुळात बंदिस्त मैदान म्हणून बांधलेली आणि १९७३ मध्ये बर्फाची झालेली. छत उंच आहे, बाके बर्फाच्या अगदी जवळ आहेत, आणि विद्यार्थ्यांचा घोळका पाहुण्या गोलरक्षकाच्या मागे उभा राहून त्याला इतके बोलतो की नव्या माणसाला थोडे ओशाळायला होते. पाहुणे होते रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आरआयटी. ही संस्था त्या काळी खेळासाठी शिष्यवृत्ती देत नसे, अटलांटिक हॉकी या तुलनेने दुबळ्या समजल्या जाणाऱ्या परिषदेतून खेळत असे. मात्र २०१० मध्ये तिने राष्ट्रीय उपांत्य फेरी गाठून सर्वांना चकित केले होते. आरआयटीने पहिला सामना जादा वेळेत ५-४ असा जिंकला. दुसऱ्या रात्री मिशिगनने त्यांना ७-२ असे धुऊन काढले आणि बहुतेकांनी पहिल्या रात्रीचा हिशेब दुसऱ्या रात्रीच्या खात्यात जिरवून टाकला.

इथे जरा थांबायला हवे, कारण मोसमाच्या सुरुवातीचा सामना कसा वाचायचा हा या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग आहे. दोन रात्रींत मिशिगनने अकरा गोल केले, ही बातमी खरी होती पण तिच्यात नवे काही नव्हते. हा संघ गोल करील हे आधीच माहीत होते. नवी माहिती होती ती पहिल्या रात्री घेतलेल्या पाच गोलांत. असा सामना वाचताना जाणता प्रेक्षक फलकाकडे कमी आणि गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाकडे जास्त पाहतो. फटका येतो, गोलरक्षक गुडघ्यांवर बसतो, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, उजव्या पॅडवर आदळतो. अनुभवी गोलरक्षकाचा पाय त्या क्षणी किंचित बाहेर वळलेला असतो, त्यामुळे पक कोपऱ्यात, कडेच्या फळ्यांकडे निघून जातो आणि धोका संपतो. नवख्याचा पाय सरळ राहतो. पक समोर, दोन हातांवर, प्रतिस्पर्ध्याच्या काठीच्या टोकाशी पडतो आणि दुसरा फटका रिकाम्या बाजूला बसतो. पहिला फटका ‘अडवला’ म्हणून नोंदला जातो, आकडा सुंदर दिसतो, आणि गोल मात्र फलकावर लागतो. एकदा असे झाले तर ते दुर्दैव. तीन शनिवार तेच होत राहिले तर ती सवय असते आणि सवय सुटायला वर्ष लागते.

दुसरी खूण बचावपटूंच्या अंगात दिसते. ज्यांचा आपल्या गोलरक्षकावर विश्वास असतो ते पक पुढे ढकलून धावतात. ज्यांचा नसतो ते मागे सरकून गोलसमोर गर्दी करतात, स्वतःच फटके अडवायला आडवे पडतात, आणि त्या गर्दीत गोलरक्षकाला पकच दिसेनासा होतो. गोलरक्षक बिचकला की बचाव बिचकतो आणि बचाव बिचकला की गोलरक्षक आणखी बिचकतो. एकूण गोलसंख्येत हे चक्र उशिरा उमटते, डोळ्यांना लवकर दिसते.

मोसम पुढे सरकला तसे बेरेन्सन यांनी तिघांनाही आलटून पालटून उभे केले. त्यांच्यावर याबद्दल टीका झाली. माझ्या मते ती अर्धीच रास्त होती. गोलरक्षकाला लय सापडायला सलग सामने लागतात हे खरे, पण कोणाला सलग सामने द्यायचे हे ठरवण्याइतके एकानेही दाखवले नसेल तर प्रशिक्षकाने काय करावे? हिवाळा लागेपर्यंत हरलेल्या सामन्यांची संख्या जिंकलेल्यांहून बरीच वाढली आणि क्रमवारीतून नाव गळून पडले. ट्रूबा अपेक्षेपेक्षा सरस खेळत होता, त्याच मोसमात तो देशाच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. तरीही संघ बुडत होता. एखाद्या संघात एकाच वेळी सर्वोत्तम बचावपटू आणि गळका गोल असू शकतो, हे तेव्हा पुरेपूर कळले.

आता निवडीच्या गणिताकडे वळतो. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात. त्या वर्षी पाच परिषदांच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता आणि उरलेल्या अकरा जागा कोणा निवड समितीच्या मर्जीने नव्हे, तर जवळजवळ यांत्रिक पद्धतीने भरल्या जात होत्या. तिच्या मुळाशी आरपीआय नावाचा निर्देशांक होता : संघाची स्वतःची विजयाची टक्केवारी एकचतुर्थांश, प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी एकवीस टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची तब्बल चोपन्न टक्के. या सूत्राला तारीख कळत नाही. ऑक्टोबरमधला पराभव आणि मार्चमधला पराभव त्याच्या लेखी एकाच वजनाचे असतात. उलट, वेगवेगळ्या परिषदांमधले संघ एकमेकांशी भिडतात ते मुख्यतः मोसमाच्या सुरुवातीला, आणि एका परिषदेची दुसरीशी तुलना होते ती याच थोड्या सामन्यांवरून. म्हणजे चाहता ज्या सामन्यांना ‘अजून तर सुरुवात आहे’ म्हणून सोडून देतो, त्यांच्यावरच संपूर्ण परिषदेचे भाव ठरून गेलेले असतात. ‘मार्चमध्ये पाहू’ हा अॅन आर्बरचा जुना मंत्र या सूत्राशी जुळणारा नव्हता. २०१० मध्ये तो चालला, कारण तेव्हा परिषदेचा चषक जिंकून थेट प्रवेश मिळवला गेला.

आणि २०१३ मध्ये तेच पुन्हा घडता घडता राहिले. फेब्रुवारीच्या शेवटी रसीनला सलग संधी मिळाली, मेरिल फळीत परतलेला होता, आणि संघ हरायचा थांबला. परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी घरच्या बर्फावर नॉर्दर्न मिशिगनला बाहेर काढले, कालामझूला जाऊन वेस्टर्न मिशिगनला हरवले, आणि डेट्रॉइटच्या जो लुइस अरीनात नियमित मोसमाच्या विजेत्या मियामीलाही हरवले. आता खात्यात अठरा विजय, अठरा पराभव आणि तीन बरोबरी होत्या. नोटर डेमविरुद्धचा अंतिम सामना जिंकला तर थेट प्रवेश आणि सलग तेविसावे वर्ष. हरला तर पराभव विजयांपेक्षा जास्त, आणि तशा संघाला उरलेल्या जागांसाठी विचारातच घेतले जात नाही. मधला मार्ग नव्हता.

२४ मार्चच्या त्या रविवारी डेट्रॉइटकडे डोळे लावून बसलेला आणखी एक संघ होता, येल विद्यापीठाचा. आयव्ही लीगचे संघ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि मोसमही इतरांपेक्षा काही आठवडे उशिरा सुरू करतात. येलच्या खात्यातही अठराच विजय होते. त्याच आठवड्यात अटलांटिक सिटीत ते युनियनकडून ५-० आणि क्विनिपियाककडून ३-० असे हरले होते आणि आता स्वतःच्या हातात काहीच उरले नव्हते. मिशिगन जिंकले तर शेवटची मोकळी जागा जाणार होती. नोटर डेम जिंकले तर ती येलला मिळणार होती. नोटर डेम ३-१ असे जिंकले. जुन्या सीसीएचएचा तो शेवटचा अंतिम सामना ठरला, कारण त्यानंतर ती परिषद मोडली आणि मिशिगन नव्याने उभ्या राहिलेल्या बिग टेन हॉकीत गेले.

येल आत आले. त्यांनी मिनेसोटाला जादा वेळेच्या नवव्या सेकंदाला हरवले, नॉर्थ डकोटाला ४-१ असे मागे टाकले, पिट्सबर्गला उपांत्य सामन्यात मॅसॅच्युसेट्स-लोवेलला पुन्हा जादा वेळेत हरवले, आणि १३ एप्रिलला अंतिम सामन्यात, ज्या क्विनिपियाककडून त्या मोसमात तिन्ही वेळा मार खाल्ला होता, त्यांनाच ४-० असे नमवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद घेतले. जेफ माल्कम या त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या गोलरक्षकाने त्या रात्री छत्तीस फटके अडवले. मिशिगनच्या चाहत्याला हा आकडा पाहताना काय वाटले असेल, याची कल्पना करण्यासाठी अॅन आर्बरला राहायची गरज नाही.

ऑक्टोबरमधल्या चाहत्याला यातले नेमके काय कळणे शक्य होते, हे वेगळे काढायला हवे. येलचे काय होणार हे कोणालाच कळणे शक्य नव्हते. मेरिलची दुखापत, रसीनचे उशिरा सापडणे, हेही नाही. पण गोलरक्षकातला चार टक्क्यांचा फरक किती गोलांचा असतो, हे कागदावर पाच मिनिटांत काढता येत होते. परतीच्या तिन्ही वर्षांचा समान धागा आता संघात नाही, हेही समोर होते. आणि आरपीआयचे सूत्र तर जाहीरच होते. यातल्या एकाही गोष्टीसाठी आरआयटीविरुद्धचा सामना पाहण्याचीही गरज नव्हती; त्या सामन्याने फक्त शंका खरी असल्याचे दाखवले.

पुढचा मोसम या प्रकरणाला जोडून वाचावा असा आहे. ट्रूबा विनिपेगला गेला होता, गोलमध्ये रसीनच्या जोडीला झॅक नॅगेलव्होर्ट हा नवा मुलगा आला होता, आणि आदल्या मोसमात पोळलेले चाहते या वेळी सावधपणे बोलत होते. संघाने पूर्वार्धात एकामागून एक सामने जिंकले. सावधपणा हळूहळू विरला, योस्टचा आवाज परत आला. मग उत्तरार्धात घसरण लागली, आणि २०१४ च्या मार्चमध्ये बिग टेनच्या पहिल्याच परिषद स्पर्धेत, सेंट पॉल येथे, नुकत्याच वरच्या श्रेणीत आलेल्या पेन स्टेटने त्यांना दुसऱ्या जादा वेळेत २-१ असे हरवून घरी पाठवले. राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगनचे नाव पुन्हा दिसायला २०१६ उजाडावे लागले.